दोन सुरांमधली वाट ऐका, मग लायब्ररी निवडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत घरच्या घरी संगीत करणाऱ्या तरुणांवर लेख आला होता. मन लावून लिहिलेला लेख, मी दोनदा वाचला. सोबत एक चौकट होती. ‘कोणती ऑर्केस्ट्रा लायब्ररी घ्याल?’ (लायब्ररी म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवायचा, खऱ्या वाद्यांच्या मुद्रित सुरांचा संच) असं शीर्षक आणि खाली तीन रकाने: किंमत किती, जीबी किती, वाद्यं किती. ती वाचून आपल्या ठाण्यातल्या आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईतल्या किती तरी मुलांचे पैसे चुकीच्या जागी जातील, असं वाटलं आणि चैन पडेना. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करावी, फक्त मींडेबद्दलचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याबद्दलचा भाग राहू द्यावा ही विनंती.

मी व्हायोलिन वाजवते. वय एकसष्ट, राहते नौपाड्यात. १९८३ पासून पंधरा वर्षं मी मुंबईत सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या रेकॉर्डिंगला वाजवलं. सेकंड व्हायोलिन, मागून दुसरं स्टँड. पाठीला पेटी, सकाळची लोकल, दादरला उतरून पुढे ताडदेव. नोटेशन वाचायला शिकले ते तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमागे राहणाऱ्या एका गोवेकर अंकलकडे. ते संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्याकडून एकच ओळ वीस-वीस वेळा वाजवून घ्यायचे आणि दर वेळी फक्त एवढंच विचारायचे, ‘या सुरावरून त्या सुरावर तू गेलीस कशी?’ सूर बरोबर आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी पहिल्या वर्षानंतर कधी विचारला नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी आपल्या सिनेसंगीतात जो वाद्यवृंद उभा केला, त्याच्या उतरत्या काळात मी त्या खुर्चीवर बसले.

मी पहिलं रेकॉर्डिंग वाजवलं त्याच वर्षी, १९८३ साली, मिडी आलं. एका कंपनीचा की-बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागला. पुढच्या दहा वर्षांत आमच्या खुर्च्या कमी होत गेल्या. एका जाहिरातीला आम्ही चोवीस व्हायोलिनवाले होतो. काही वर्षांनी त्याच मालाच्या नव्या जाहिरातीला मी एकटी आणि शेजारी एक की-बोर्ड. फार वाईट वाटलं होतं, आजही आठवलं की वाटतं. पण त्या यंत्राचा राग धरून बसले असते तर गेली सहा वर्षं जे काम करते आहे ते हातून झालं नसतं. बालनाट्यांना आणि एकांकिकांना मी पार्श्वसंगीत देते. त्यांच्याकडे चोवीस वादकांचे पैसे नसतात, बहुतेक वेळा एकाचेही नसतात. ते संगीत मी सॅम्पल लायब्ररीवरच करते. तेव्हा लायब्ररी वाईट असं म्हणण्यासाठी मी लिहीत नाहीये. ती निवडायची कशी, याबद्दल लिहिते आहे.

माझ्याकडे एक मुलगा कळव्याहून येतो. दिवसा ऐरोलीत नोकरी, रात्री संगीत. माझ्याकडे यायच्या आधी तो संगीतनिर्मितीच्या एका क्लासला जात होता. तिथे त्याला सांगण्यात आलं की अमुक मोठी लायब्ररी घेतल्याशिवाय ‘प्रोफेशनल साउंड’ येणारच नाही. त्याने हप्त्यांवर बहात्तर हजार रुपये उभे केले, लायब्ररी घेतली, तिच्यासाठी एसएसडी, म्हणजे वेगळी वेगवान डिस्क घेतली. डाउनलोड तीन रात्री चाललं. लॅपटॉप मात्र आठ जीबी रॅमचा. व्हायोलिनचा एक विभाग उघडला की चेलोंना जागा उरेना. परत करायची सोय नाही, दुसऱ्या कुणाला विकायची परवानगी नाही. अनेक कंपन्यांच्या परवान्यात ती नसतेच. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, ‘ताई, सगळा वाद्यवृंद घरात येऊन बसलाय, पण वाजत नाही.’ त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. हप्ते अजून चालू आहेत.

मी त्याचे हेडफोन कानाला लावले. त्याने केलेली चाल चांगली होती, शांत, खालच्या सप्तकातून वर चढणारी. प्रत्येक सूर ऐकायला सुंदर होता. पण एका सुरातून दुसरा निघत नव्हता. एक संपायचा, दुसरा सुरू व्हायचा. ओळ अशी नव्हतीच. मला ओट्यावरचे अंकल आठवले.

ही गोष्ट जरा नीट सांगते, कारण निवडीचं मूळ इथेच आहे. सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकांना एका हॉलमध्ये बसवून एकेक सूर वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. हळू, मध्यम, जोरात. लांब, तुटक, बोटाने छेडलेला, थरथरता. आपण की-बोर्डची पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा वाजतो. पण व्हायोलिन तुकड्यांचं वाद्य नाही. सा वरून ग वर जाताना गज थांबत नाही, बोट बदलतं किंवा सरकतं, आणि त्या क्षणभरात जो आवाज होतो तो सा चाही नसतो आणि ग चाही नसतो. त्याच आवाजामुळे कानाला कळतं की हे कुणीतरी माणूस वाजवतंय. म्हणून चांगल्या लायब्ररीत हा मधला प्रवासही वेगळा मुद्रित करतात. एका सुरावरून वर बारा स्वरांपर्यंत, खाली बारा स्वरांपर्यंत, प्रत्येक उडी स्वतंत्र. मग पुढचा सूर, पुन्हा तेच. वादकांचा केवढा धीर लागत असेल! व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीने ही वाट रुळवली. तिचा संस्थापक हर्ब टुकमांडल स्वतः चेलोवादक आहे, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. गज हातात धरलेल्या माणसालाच या मधल्या जागेची किंमत कळणार.

यालाच ‘लेगाटो’ म्हणतात. त्या मुलाच्या लायब्ररीतही तो होता, पण त्याने उघडलेल्या हलक्या पॅचमध्ये, म्हणजे लायब्ररीतल्या तयार आवाजात, नव्हता. खरा लेगाटो उघडायला त्याच्या लॅपटॉपची ताकद नव्हती. शिवाय लेगाटोचा सूर पट्टी दाबल्यावर किंचित उशिराने पोचतो, कारण मधला प्रवास वाजायला वेळ लागतो. शंभर मिलिसेकंदांच्या घरात, काहींत त्याहून जास्त. म्हणून कॉम्प्युटरवर तो सूर तेवढा अलीकडे सरकवून ठेवावा लागतो. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ठेका पुढे आणि व्हायोलिनं मागे, असं त्याचं सगळं गाणं झालं होतं आणि तो स्वतःच्या हाताला दोष देत होता.

तेव्हापासून कुणीही ‘ताई, कोणती घेऊ?’ असं विचारलं की मी त्या लायब्ररीची जाहिरात ऐकत नाही. जाहिरातीत ढोल, तुताऱ्या, भोंगे असे काही गर्जत असतात की व्हायोलिन कसंही असलं तरी चालून जातं. मी म्हणते, कुणा माणसाने तीच लायब्ररी उघडून नुसती वाजवून दाखवली असेल असा व्हिडिओ शोध. त्यात फक्त व्हायोलिनचा विभाग, संथ लयीत, दोनच सूर पुढेमागे होतात का बघ. डोळे मीट आणि मधलं ऐक. मग एकच तुटक सूर आठ वेळा सलग. खरा वादक आठही वेळा वेगळा वाजवतो, गजाचा दाब थोडा इकडेतिकडे होतोच. लायब्ररीत त्यासाठी एकाच सुराची चार-पाच वेगवेगळी मुद्रणं आळीपाळीने वाजवतात, त्याला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. ती नसली किंवा कमी असली की टकटकटकटक असा टाइपरायटर ऐकू येतो. आणि शेवटी एक लांब सूर धरून मॉडव्हील, म्हणजे की-बोर्डवरचं चाक, तळापासून वरपर्यंत हळूहळू न्यायचं. नुसता आवाज वाढला तर ती रेडिओची कळ झाली. खरं व्हायोलिन जोरात वाजवलं की त्याचा पोतच बदलतो, धार येते, गजाची राळ ऐकू येते. चांगल्या लायब्ररीत मॉडव्हील हळू वाजवलेल्या मुद्रणातून जोरात वाजवलेल्या मुद्रणात अलगद नेतं. आमच्या मुलांना मिडीतल्या सीसी वन (हेच मॉडव्हील) आणि सीसी इलेव्हन (एक्स्प्रेशन) या दोन नियंत्रणांतला फरक पहिल्याच दिवशी शिकवायला हवा: बहुतेक लायब्ऱ्यांत एकाने पोत बदलतो, दुसऱ्याने फक्त आवाजाची पातळी. शून्य ते एकशे सत्तावीस अशा एवढ्याच पायऱ्या मिडीत असतात, पण त्या पायऱ्यांवर गज श्वास घेतो. ओळीभर ते व्हील एकाच जागी ठेवून दिलेलं संगीत मी एकांकिका स्पर्धांत दर वर्षी ऐकते.

आता वाद्यांच्या संख्येबद्दल. चौकटीत ज्या लायब्ररीपुढे सर्वांत मोठा आकडा होता तिच्याबद्दल वाईट काही नाही, पण आकड्याचा अर्थ कळायला हवा. स्पिटफायर या कंपनीची २०१९ ची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित झाली. तिच्यात १६ फर्स्ट व्हायोलिन, १४ सेकंड, १२ व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास आहेत, म्हणजे तंतुवाद्यांचेच ६० वादक. तुम्ही फर्स्ट व्हायोलिनचा पॅच उघडून त्यावर चार बोटांनी हार्मोनियमसारखी पट्टी धरलीत की चौसष्ट व्हायोलिनं एकदम वाजतात. असा हॉल आणि असा वाद्यवृंद जगात कुठे नाही. मग कानाला जड, धुरकट असं काहीतरी लागतं आणि मुलं म्हणतात, लायब्ररी बरोबर नाही, दुसरी घेऊ. लायब्ररी बरोबर असते. चार सूर चार विभागांत वाटायचे असतात: वरचा फर्स्टना, त्याखालचा आम्हा सेकंडना, मग व्हायोला, मग चेलो. पंधरा वर्षं मी तो दुसरा सूर वाजवला आहे. त्या मुलाने माझ्या टेबलावर बसून आपला एक कॉर्ड असा चार ओळींत सोडवला तेव्हा तीच लायब्ररी उघड्या खिडकीसारखी मोकळी झाली. तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता तोच कॉर्ड पुन्हा पुन्हा लावत राहिला.

आपल्या भावगीताला, बालनाट्याला साठ तंतुवाद्यं लागतातच असंही नाही. त्याच कंपनीची चेंबर स्ट्रिंग्ज आहे, चार, तीन, तीन, तीन, तीन असे सोळाच वादक. आवाज जवळचा, बोटं दिसावीत असा. एका तबल्याशेजारी आणि एका बासरीशेजारी सोळा माणसं शोभतात, साठ नाही.

हॉलचा मुद्दाही त्या चौकटीत नव्हता. मुलं येऊन म्हणतात, ‘सैराट’सारखा आवाज हवा. २०१६ साली अजय-अतुल यांनी त्या सिनेमासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून मुद्रण केलं होतं, हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, तोही कुठला तरी पॅच असेल. सिनेसॅम्पल्स या कंपनीने आपली सिनेस्ट्रिंग्ज त्याच स्टेजवर मुद्रित केली आहे. म्हणजे ती खोली विकत मिळते. पण त्या खोलीत बसून वाजवणारी माणसं समोरच्या गाण्याकडे बघून वाजवत होती, ते मिळत नाही. ते आपल्याला ओळीओळीने, व्हील हलवून, घडवावं लागतं. स्पिटफायरच्या अनेक लायब्ऱ्या लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एअर लिंडहर्स्ट या एकेकाळच्या चर्चमध्ये मुद्रित झाल्या, त्यामुळे त्यांच्यात घुमारा आधीच मिसळलेला आहे. बर्लिनच्या टेलडेक्स स्टुडिओचा घुमारा वेगळा. व्हिएन्नावाल्यांच्या जुन्या लायब्ऱ्या ‘सायलेंट स्टेज’वर जवळजवळ कोरड्या मुद्रित केलेल्या. आपल्याकडे तबला, पेटी, गळा हे सगळं घरातल्या खोलीत, माइक जवळ धरून मुद्रित होतं. त्याच्यामागे चर्चचा घुमारा असलेली व्हायोलिनं ठेवली की गायक नौपाड्यात आणि वाद्यवृंद हॅम्पस्टेडमध्ये, असं ऐकू येतं. म्हणून ज्या लायब्ररीत जवळच्या माइकचा आवाज वेगळा घेता येतो, ती आपल्या कामाला जास्त उपयोगी. आणि एका गाण्यात तीन हॉल एकत्र आणू नयेत. हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे, कुणा तज्ज्ञाचं मत म्हणून सांगत नाही.

आता मींड.

ज्यांनी प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकलं आहे, वि. गो. जोग किंवा एन. राजम यांना बैठकीत ऐकलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आपलं व्हायोलिन गळ्याच्या मागून चालतं. यमनात नी वरून ग वर येताना बोट सरळ रेषेत येत नाही. निघताना रेंगाळतं, रे ला नुसतं शिवतं, ग च्या जरा खाली थांबतं आणि मग ग मध्ये उतरतं. किती रेंगाळायचं हे शब्दावर ठरतं. मी ऐकलेल्या पाश्चात्य लायब्ऱ्यांत सरकण्यासाठी ‘पोर्टामेंटो’ असतो. त्याचा वेळ आणि आकार मुद्रण करताना ठरून गेलेला असतो. मुलं मग पिचबेंडचं, म्हणजे सूर वरखाली वाकवायचं चाक वापरतात. एका व्हायोलिनला ते थोडं तरी चालतं. सोळा व्हायोलिनांच्या विभागाला पिचबेंड लावला की सोळाही जण अगदी एकाच क्षणी, एकाच वेगाने, एकाच वाटेने सरकतात. टेप हळू झाल्यासारखं वाटतं आणि पोटात कसंतरी होतं. ताडदेवला आम्ही मींड वाजवायचो तेव्हा प्रत्येकाचं बोट केसभर वेगळं सरकायचं. त्या केसभर वेगळेपणाचाच तो दाट, ओला आवाज होता, जो जुन्या मराठी-हिंदी गाण्यांत अंतऱ्याआधी येतो आणि ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलतं.

स्वॅम नावाची वाद्यं आहेत, त्यात सॅम्पल नाहीत, तार आणि गज यांचं गणित चालवून तिथल्या तिथे आवाज तयार होतो. माझ्या कानाला तो जरा पातळ लागतो, पण मींड मी वापरलेल्यांपैकी त्यातच सर्वांत चांगली वाकते. ज्याला एकट्या व्हायोलिनची ओळ हवी आहे त्याने स्वॅमचा विचार जरूर करावा. आणि त्याहून सोपा उपाय ठाण्यात घरोघरी आहे. आपल्या गावात व्हायोलिन शिकणारी मुलं आहेत, शिकवणारे आहेत, निवृत्त वादक आहेत. मागचा भरणा लायब्ररीचा ठेवा आणि वरची एक ओळ खऱ्या माणसाकडून वाजवून घ्या. एकच व्हायोलिन, एकच माइक. कान त्या एका जिवंत ओळीचा माग धरतो आणि मागच्या सोळांवरही विश्वास ठेवतो. सिनेमावाले हे सर्रास करतात. आम्ही कळव्याच्या मुलाच्या गाण्यासाठी माझ्या आतल्या खोलीत हेच केलं. मे महिना, पंखा बंद, कपाटाची दारं उघडी ठेवून त्यावर रजया टाकलेल्या, आणि खालच्या रस्त्यावरची रहदारी जरा थंडावते म्हणून दुपारी अडीचची वेळ. तिसऱ्या टेकला इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला. पाचवा टेक घेतला. घामाने हनुवटीखालून व्हायोलिन निसटत होतं, पण ओळ आली.

अजून एक गोष्ट, जी मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही आणि आपल्या संगीतकारांना हवीच. लायब्ररीतले सूर पाश्चात्य समान स्वरांतराने लावलेले असतात. तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार आपोआप झंकारतो तो त्यापेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो. एक सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. आकडा लहान दिसतो. पण मागे तानपुरा, पुढे गायिका आणि मध्ये सोळा व्हायोलिनं जोरात तो चढा गंधार धरून बसली, की गाणारीला कळत नाही आपण बेसूर का वाटतोय. एका मुलीला मी या कारणाने रडताना पाहिलं आहे. तिचा सूर बरोबर होता. अशा गाण्यात मी व्हायोलिनांच्या कॉर्डमधून गंधार काढून टाकते. सा आणि प त्यांच्याकडे ठेवते आणि गंधार गळ्याला देते. बऱ्याच लायब्ऱ्यांत सूर खालीवर करायची सोय असते, ती शिकून घ्यावी.

कॉम्प्युटरबद्दल थोडक्यात. बीबीसी लायब्ररीची सर्वांत मोठी आवृत्ती सुमारे ६०० जीबीची आहे, सर्वांत लहान काहीशे एमबीची. मोठीत माइकच्या कितीतरी वेगवेगळ्या जागा असल्याने ती फुगते. एकाच खोलीत एकाच हेडफोनवर काम करणाऱ्याला त्यातलं फारसं काही लागत नाही. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर मोठ्या लायब्ररीच्या वाटेला जाऊ नये, आधी रॅम वाढवावी. कोन्टॅक्ट या लायब्ऱ्या वाजवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारी लायब्ररी घेताना ती मोफत कोन्टॅक्ट प्लेअरवर चालते की पूर्ण कोन्टॅक्ट लागतो, हे आधी वाचावं. पूर्ण आवृत्ती लागणारी लायब्ररी प्लेअरमध्ये पंधरा मिनिटांनी बंद पडते. ईस्टवेस्ट कंपनीची हॉलिवूड ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी दरमहा भाड्यानेही मिळते. एका नाटकापुरतं काम असेल तर ते परवडतं, पण भाडं थांबलं की जुनं काम उघडत नाही, म्हणून प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी ऑडिओ करून ठेवावी. नोव्हेंबरच्या अखेरीस बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात, तेव्हा जुलैत हप्ते काढायची घाई नको.

कुणी हार्ड डिस्कवर चोरीच्या लायब्ऱ्या भरून देतं, हेही मला माहीत आहे. माझी विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती असते की ते घेऊ नका. त्या फायलींमध्ये माझ्यासारख्याच कुणीतरी सेकंड व्हायोलिनवालीने दिवसभर एकेक सूर धरला आहे.

आणि चोरी करायची गरजही नाही. स्पिटफायरची बीबीसी डिस्कव्हर मोफत मिळते. तिच्यात लेगाटो नाही, माइकचा एकच ठरलेला आवाज आहे, तरी सगळे विभाग आहेत आणि आठ जीबीच्या लॅपटॉपवर ती चालते. तिच्यात केलेलं काम पुढे मोठी आवृत्ती घेतली तर तिच्यात उघडता येतं. म्यूझस्कोर फोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर डिसेंबर २०२२ मध्ये आलं, तेही मोफत आहे आणि त्याच्यासोबत म्यूझ साउंड्स मोफत मिळतात. त्यात आपण पानावर ‘हळू’, ‘तुटक’, ‘बोटाने छेडा’ अशा खुणा लिहिल्या की ते वाचून वाजवतं. मी लहान मुलांना त्यावरच सुरू करून देते, कारण त्यात कॉर्ड चार ओळींत वाटल्याशिवाय काम पुढे जातच नाही. कळव्याच्या मुलाने शेवटी काय केलं सांगते. त्याने ती मोठी लायब्ररी डिस्कवर तशीच ठेवली आणि सहा महिने फक्त डिस्कव्हर वापरली. लेगाटो नसल्यामुळे त्याला संथ चाल व्हायोलिनांना देता येईना, म्हणून तो ती बासरीला द्यायला शिकला, क्लॅरिनेटला द्यायला शिकला, आणि बासरीवाल्याला श्वास घ्यायला जागा सोडायलाही शिकला. मग नोकरीतल्या बोनसमधून रॅम वाढवली. आता ती मोठी लायब्ररी वाजते.

आपल्या पुरवणीला माझी एक सूचना आहे. अशी चौकट पुन्हा छापाल तेव्हा जीबीच्या रकान्याऐवजी ‘लेगाटो आहे का’, ‘जवळचा माइक वेगळा मिळतो का’, ‘किती रॅम लागते’ आणि ‘परत करता येते का’ हे रकाने द्यावेत. संगीतनिर्मितीचे वर्ग चालवणाऱ्यांना विनंती की विद्यार्थ्याने खर्च करण्याआधी त्याला तुमच्या कॉम्प्युटरवर तासभर ती लायब्ररी वाजवू द्या. आणि एकांकिका स्पर्धांच्या आयोजकांनी पार्श्वसंगीताचं बक्षीस देताना एखादी ओळ तरी जिवंत वाजवली आहे का, हे विचारात घ्यावं. आमच्या गावात वादक पुष्कळ आहेत. त्यांना कुणी बोलवत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चार ते सहा मी घरी असते. ज्यांना लायब्ररी घ्यायची आहे त्यांनी यावं, पैसे लागणार नाहीत. माझ्याकडच्या तीन लायब्ऱ्या आणि एक खरं व्हायोलिन शेजारी शेजारी ऐकता येईल. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, विचारणाऱ्याला तो द्यावा. येताना स्वतःचे हेडफोन आणावेत, आणि स्वतःची एखादी संथ चाल, चारच ओळींची.

आपली,
एक व्हायोलिनशिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)